शेवटचा घाव कोणाचा?

(खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय ऐकून निम्मे लोक आलेच नाहीत आणि आलेल्यांतले निम्मे नातवंडांच्या सोबतीला आलेत, हे मला इथनं दिसतंय. चालतंय की. मीही कॉम्प्युटरवरच्या लढाईबद्दल चारचौघांत बोलेन असं कधी वाटलं नव्हतं. हे सगळं आप्पांमुळे झालं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून निवृत्त झाले. रिक्रूट म्हणून बेळगावच्या सेंटरात गेले ते शिपाई, लान्स नाईक, नाईक असं एकेक करत फिती चढवत गेले. लॉकडाउनमध्ये मी घरी ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ खेळत बसायचो. 2003 सालापासून चालत आलेला, फुकट मिळणारा खेळ आहे. षट्कोनी घरांचा नकाशा, त्यावर आपले भालाईत, तिरंदाज, जादूगार. समोर ऑर्क, म्हणजे राक्षसासारखे रानटी लढवय्ये, भुतं, काय काय. आप्पा खुर्ची ओढून मागं बसायचे. एकदा माझा भालाईत मरायला टेकला होता, त्यानं समोरच्याला मारलं, लेव्हल वाढली आणि गडी एकदम ठणठणीत झाला. आप्पा पुढं वाकले.

‘‘ह्याला बरं कोण केलं रे? डॉक्टर तर कुठं दिसला नाही.’’

म्हटलं, ‘‘आप्पा, प्रमोशन झालं त्याचं.’’

‘‘आमच्यात प्रमोशन झालं की पार्टी द्यावी लागायची. गुडघा दुखायचा तो दुखायचाच.’’

मी हसलो, पण तिथनं पुढं हा हिशेब नीट बघायला लागलो.

हिशेब असा. लढाईत अनुभवाचे गुण मिळतात, त्याला पोरं एक्सपी म्हणतात. शत्रूशी नुसतं भिडलात तर त्याची जेवढी लेव्हल तेवढे गुण. म्हणजे पहिल्या लेव्हलच्या ऑर्कशी लढलात तर 1. तुमचे सगळे वार हुकले तरी 1. पण त्याला ठार मारलंत तर लेव्हलच्या 8 पट. पहिल्या लेव्हलचा मारला तर 8, दुसऱ्याचा 16, तिसऱ्याचा 24. भालाइताला वर चढायला 42 लागतात. पाच ऑर्क मारून दोघांशी नुसती झटापट केली की झालं काम. मग तो तलवारबाज व्हायचा, लांब भाल्याचा पाइकमन व्हायचा की भाला फेकणारा, ते तुम्ही निवडायचं.

आता ह्यातली गोम बघा. आठपट गुण शेवटचा घाव घालणाऱ्याला. चौघांनी मिळून ऑर्कला अर्धमेला करायचा आणि पाचव्यानं येऊन टोचायचं, तर श्रेय पाचव्याचं. चौघांना एकेक. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत होतं तसंच. नवा खेळाडू काय करतो? सगळ्यांत दणकट गड्यालाच दर वेळी पुढं घालतो. तो चढत जातो, बाकीचे तसेच राहतात, आणि एक दिवस तो दणकट गडी पडला की मागं सगळी कच्ची पोरं. मेलेल्याचे गुण कुणाला वाटून मिळत नाहीत, ते त्याच्याबरोबर जातात. मुरलेला खेळाडू उलटं करतो. थोरल्याकडनं ऑर्कला झोडपून घेतो आणि शेवटचा घाव धाकट्यासाठी राखून ठेवतो.

जखमा बऱ्या करणाऱ्याला काय मिळतं? काही नाही. पांढऱ्या झग्याचा जादूगार दर पाळीला शेजारच्या गड्यांचे 8 जीव भरून काढतो (जीव म्हणजे अंगातल्या ताकदीचं माप, ते संपलं की गडी मेला), त्याबद्दल शून्य. त्याला वर चढायचं असेल तर त्यानंही कुणाला तरी मारायचं. हे ऐकल्यावर आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘नामदेव जाधवला किती मिळाले असते?’’

नामदेव जाधव कोण ते इथल्या पेन्शनवाल्यांना सांगायला नको, पोरांसाठी सांगतो. 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीचा साधा शिपाई, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनिओ नदीवर त्यानं दोन जखमी साथीदारांना गोळीबारात, पाण्यातनं, सुरुंगातनं एकेक करून अलीकडे आणलं. मग एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ह्या खेळाच्या वहीत ठाण्यांचे गुण लागले असते, त्या दोन फेऱ्यांचे लागले नसते. मी आप्पांना तसंच सांगितलं. ‘‘मग वही चुकीची हाय,’’ म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

बाकीच्या खेळांचं थोडक्यात सांगतो. ‘सिव्हिलायझेशन’च्या पाचव्या आवृत्तीत शहरात बराक बांधली की नव्या तुकडीला 15 गुण घेऊनच बाहेर पडता येतं, आणि पहिल्या बढतीला 10 पुरतात. म्हणजे ट्रेनिंग सेंटरला किंमत आहे. रानटी टोळ्यांना मारून गुण कमवायचे तर 30 वर गाडी थांबते; चिल्लर मारून कुणी सुभेदार होत नाही. आणि बढती घेताना विचारतात, उघड्या माळावर 15 टक्के जास्त ताकद हवी की डोंगर-झाडीत? आपल्याला हे चटकन समजतं. भीमगडच्या रानात फिरणारा माणूस आणि निपाणीच्या तंबाखूच्या शेतात वावरलेला माणूस, दोघं सारखे तयार होत नाहीत. एक मोह मात्र आहे, बढती न घेता तेवढ्यावर जखमा भरून घ्यायचा. जीव जातोय अशी वेळ असेल तरच घ्या. माझ्या निम्म्या तुकड्या ह्यातच कच्च्या राहिल्या.

आता लाइट आहे तोवर पडद्यावर बघू. वेस्नॉथ आहे. संध्याकाळ, म्हणजे दिवसाचा फायदा नाही, रात्रीचा तोटा नाही. सपाट जमीन. माझ्या भालाइताचे गुण 34, जीव 8. समोरच्या ऑर्कचा जीव 6. मारला तर 34 आणि 8, बरोबर 42. शेजारी लाल झग्याचा जादूगार अजून मोकळा आहे. भालाइताचे तीन वार, प्रत्येक लागायची शक्यता 60 टक्के, एक लागला तरी ऑर्क खलास. पण मध्येमध्ये ऑर्कचेही दोन वार आहेत, त्यातला एक बसला की हा गेला. मी घरी मांडून बघितलंय: शंभरात 71 वेळा बढती, 28 वेळा मयत. काय करू?

हात वर करा. जादूगाराला पाठवा म्हणणारे? बरेच आहेत, सगळे पेन्शनवाले. भालाइतालाच पाठवा म्हणणारे? बरं. मागं कोण बोललं? मोठ्यानं बोल बाळा.

‘‘दादा, त्याच्याकडं फेकायचा भाला पण हाय की. ऑर्ककडं फेकायला काय नाही.’’

बघा! फेकीचा एकच वार, पण घाव 6 चा आणि ऑर्कचा जीव 6. उलट वार नाहीच. हुकला तर जादूगार आहेच मागनं. दोन महिने मी ह्या व्याख्यानाची तयारी करतोय आणि हे मला दिसलं नाही. ये पुढं, तूच दाब.

हुकला. 35 झाले. आता जादूगार.