मेडलच्या कडेवरचं नाव

हा आमच्या आजीचा डबा. बिस्किटाचा जुना पत्र्याचा, झाकण एका बाजूने दबलंय त्यामुळे उघडताना नख घालावं लागतं. आत आजोबांचा चष्मा, कसल्या कसल्या पावत्या, फडक्यात बांधलेली जुनी जोडवी, आणि हे. तपकिरी गोल मेडल. पुढे पंखवाली बाई, मागे इंग्रजीत द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन, १९१४ ते १९१९. लहानपणी आम्ही हे घेऊन दुकान दुकान खेळायचो, आजी ओरडायची, मामंजींचं आहे ते, ठेव आधी.

मामंजी म्हणजे तिचे सासरे, माझे पणजोबा. गाव महाड तालुक्यातलं. फोटो नाही, कागद नाही. आजीला एवढंच माहीत की ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या, म्हणजे आताच्या इराकमधल्या, लढाईला गेले, खूप उशिरा परत आले, आणि पानात भाकरीचा तुकडा टाकलेला त्यांना अजिबात चालायचा नाही. आणि एक गोष्ट ते सारखी सांगायचे म्हणे, तिकडे घोडा खायला देत होते, आम्ही नाही खाल्ला, पाला खाल्ला.

ही घोड्याची गोष्ट मला आधी खरी वाटली नव्हती.

मी सुरुवात केली ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवरून, तिथे महायुद्धातल्या शिपायांची नावं शोधता येतात. नाव टाकलं की त्याच नावाचे ढीगभर शिपाई, कारण आमच्याकडे अर्ध्या गावाचं आडनाव एकच आणि साहेबाच्या कारकुनाने कानाला जसं लागलं तसं स्पेलिंग लिहिलेलं. वर जिल्हा रायगड टाकून काही सापडेना. मग लक्षात आलं, रायगड हे नाव १९८१ चं, तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. कुलाबा टाकल्यावर ओळखीची गावं दिसायला लागली, अमक्याचा मुलगा, पोलादपूरचा, महाडचा, नोंद बसऱ्याच्या स्मारकाची. त्या स्मारकाच्या यादीत चाळीस हजारांहून जास्त नावं आहेत आणि मी रात्र रात्र जागून त्यांत आमचं नाव शोधत होतो.

आणि एक दिवस डोक्यात आलं की अरे, ही तर मेलेल्यांची यादी आहे. पणजोबा परत आले होते. जो तिकडे मेला त्याचं नाव निदान यादीत तरी लागलं, पण जो जगून घरी आला त्याचं कुठे शोधायचं? वॉर डायऱ्या, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदवह्या, लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, काही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही आहेत, पण त्यांत गोऱ्या साहेबाचं नाव असतं आणि शिपायांचा बहुतेक वेळा नुसता आकडा. हे वाचताना मला खरंच त्रास झाला.

शेवटी नाव सापडलं ते या डब्यातच. मेडलच्या कडेवर. पहिल्या महायुद्धाच्या मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या मेडलची कड इतकी गुळगुळीत झालीय की नुसत्या डोळ्याला काहीच दिसत नाही, म्हणून मी चिमूटभर पांढरी रांगोळी बोटाने कडेवर चोळली, वरची फुंकरली आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरला. हे बघा. नंबरचे दोन आकडे गेलेत. पण शिपाई आहे, नाव आहे, आणि पुढे ११०, मराठा.

११० वी मराठा लाइट इन्फंट्री. इथून मग सगळं भराभर उलगडत गेलं. ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली, आणि ही फौज बगदादच्या दिशेने गेली, बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडली आणि मागे हटून तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत गावात येऊन बसली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला. जवळपास पाच महिने. सोडवायला निघालेल्या फौजेतले २३ हजारांच्या आसपास मेले नाहीतर जखमी झाले पण कुतपर्यंत कोणी पोचलं नाही. आत पीठ रोज कमी होत गेलं, घोडे आणि खेचरं कापायला लागले, आणि आपल्या कितीतरी शिपायांनी धर्म बुडेल, गावी तोंड कसं दाखवू, म्हणून ते मांस कित्येक आठवडे नाकारलं. भाजी नाही म्हणून हिरड्या सुजायच्या, मग मिळेल तो रानपाला उकडून खायचे.

पाला. आजीने सांगितलेला तोच पाला. हे वाचलं तेव्हा मी एसटीत होतो, तिथूनच आजीला फोन लावला.

२९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं, १३ हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, बरेच हिंदी कैदी पुढे तुर्कांच्या ताब्यातल्या रास अल ऐनला रेल्वेच्या कामावर गेले आणि हजारो परतले नाहीत. जिनिव्हाच्या रेडक्रॉसने त्या युद्धातल्या कैद्यांच्या याद्या ऑनलाइन टाकल्यात, त्यांची पानं मी अजून चाळतोय. आणि हो, तुम्ही शोधत असाल तर एक सांगतो, १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले. ११० वी झाली पाचव्या मराठाची तिसरी बटालियन, म्हणजे माणगावला ज्यांचा पुतळा आहे त्या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या यशवंत घाडगेंची तीच बटालियन.

एक प्रश्न राहिला होता. हे मेडल ज्याला मिळालं त्याला जोडीला ब्रिटिश वॉर मेडलही मिळायचं, चांदीचं, अडीच तोळ्यांच्या वर. मग आमचं कुठे गेलं? मला वाटलं हरवलं, विकलं. परवा आजीला विचारलं तर तिने डबा पुढे ओढला, फडकं सोडलं आणि म्हणाली, माझ्या लग्नात घरात पैसा नव्हता, मामंजींनी स्वतः महाडच्या सोनाराकडे नेऊन मोडलं आणि ही जोडवी केली, तुझे आजोबा गेले तेव्हा काढून ठेवली.