रंग कच्चा, डाव पक्का

मंडळी, समोर बसलेल्या पोरांपैकी बऱ्याच जणांनी ‘निकलोडियन ऑल-स्टार ब्रॉल’ हा कार्टून कॅरेक्टरांच्या मारामारीचा गेम पहिल्या पाच मिनिटांतच बंद केला असणार. त्यात नवल नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तो बाजारात आला तेव्हा स्पंजबॉबसकट एकाही कॅरेक्टरला आवाज नव्हता. तो पुढच्या वर्षी अपडेटमधून मिळाला. हाताला लागेल ते उचलून मारायच्या वस्तू नव्हत्या, कपडे बदलायची सोय नव्हती. पन्नास डॉलर घेऊन असा अर्धाकच्चा माल द्यायचा, याचा राग येणं रास्तच आहे. त्यावर पांघरूण घालायला मी इथं उभा नाही. पण त्याच्या आतला डाव पक्का आहे आणि मला बोलायचंय ते त्या डावाबद्दल.

मागे बसलेल्या पालकांसाठी थोडं सांगतो. मारामारीच्या गेमची ही जात निन्टेन्डोच्या 1999 मधल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’पासून सुरू झाली. यात मार बसला की जीव कमी होत नाही, अंगावरचे टक्के वाढतात. टक्के जितके जास्त, तितके तुम्ही लांब फेकले जाता. पडद्याच्या हद्दीबाहेर गेलात की एक जीव गेला. ‘ब्रॉल’मध्ये वेगवेगळ्या कार्टूनमधली वीस मंडळी एकाच फळीवर उतरवली होती. निन्जा टर्टल, ‘अवतार’मधला आंग, सगळेच. कंपनी स्वीडनची, लुडोसिटी. त्यांनी आधी ‘स्लॅप सिटी’ नावाचा असाच गेम केला होता, त्यामुळे हात बसलेला होता.

आता पायांकडे बघा. उडी मारायची आणि लगेच हवेतूनच तिरकं खाली झेपावायचं. जमिनीला टेकताच कॅरेक्टर उभ्याउभ्या घसरत जातं. घसरतानाच ठोसा मारता येतो. याला वेव्हडॅश म्हणतात. 2001 च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या पुढच्या भागात खेळाडूंनी तो शोधून काढला आणि बोटं दुखेपर्यंत घटवला. इथं बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम सोपा करून ठेवला. शिवाय एक बटण दाबून धरलं की तोंड प्रतिस्पर्ध्याकडेच ठेवून मागे सरकता येतं. समोरून फेकलेला गोळा झेलून त्याच्याच अंगावर परत टाकता येतो. म्हणजे लांबून गोळे फेकत बसणाऱ्याचीही अडचण होते. ही तीन हत्यारं हातात आली की दोन माणसांतलं अंतर हाच सगळा खेळ होतो: कधी आत शिरायचं, कधी हुलकावणी द्यायची. आपल्या बेळगावात शहापूरच्या आनंदवाडीत कुस्ती बघायला गेलेला माणूस मंडप किती भारी आहे ते बघत नाही, पट कसा काढला ते बघतो. माझी नजर तशीच आहे.

दुसरी गोष्ट नेटची, आणि ती आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. खानापूर तालुक्यातल्या गावात मोबाईलच्या डेटावर खेळणारा पोरगा लॅगला, म्हणजे नेटमुळे गेम अडखळण्याला, वैतागलेला असतो. जुन्या पद्धतीत समोरच्याचं बटण पोचेपर्यंत गेम थांबतो. रोलबॅक पद्धतीत थांबत नाही. समोरच्यानं काय दाबलं असेल याचा अंदाज बांधून पुढे चालतो. अंदाज चुकला तर काही फ्रेम, म्हणजे पडद्यावरची काही चित्रं, मागे जाऊन हिशेब दुरुस्त करतो. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणून ती दुरुस्ती बहुतेकदा डोळ्याला जाणवतही नाही. टोनी कॅनन या अमेरिकन माणसानं जीजीपीओ नावानं ही युक्ती रुजवली. ‘इव्हो’ ही मारामारीच्या गेमांची मोठी स्पर्धा उभी करणाऱ्यांपैकी तो एक. ‘ब्रॉल’च्या पीसी आवृत्तीत रोलबॅक पहिल्या दिवसापासून होतं. आवाज नाही, पण रोलबॅक आहे! पैसा आणि वेळ अपुरा असताना कशाला आधी हात घालायचा, हे ज्यांनी ठरवलं त्यांना मी मानतो.

मग हा गेम का टिकला नाही? पोरं विचारतील म्हणून सांगतो. स्पर्धेतला गेम खेळणाऱ्यांच्या संख्येवर जगतो. ज्यांना फक्त लाडकी कार्टूनं बघायची होती ते आवाजाविना कंटाळून गेले. ते गेले की नवशिक्याला जोडीदार मिळेना. पॉलिशचं महत्त्व मला तिथं कळतं: ते खेळ खोल करत नाही, माणसं धरून ठेवतं. 2023 मध्ये दुसरा भाग आला, तो बऱ्यापैकी सजवलेला आहे.

पण एकाच टीव्हीसमोर चौघं बसायला नेट लागत नाही, सर्व्हरही लागत नाही. गणपतीत आपल्या गल्ल्यांतली मंडळं पाठांतर, रांगोळी, कॅरम ठेवतात; त्यात एक संध्याकाळ या गेमला मिळावी अशी माझी मागणी आहे. मराठी, कानडी, उर्दू बोलणारी पोरं एका सतरंजीवर बसतील. नियम साधे ठेवू: एकास एक, तीन जीव, उचलून मारायच्या वस्तू असल्या तर बंद, तीनपैकी दोन सामने जिंकणारा पुढे. कुणाकडे जास्तीचे कंट्रोलर असतील तर आणा, यूएसबीचे साधेही चालतील.