थर्गुड मार्शल यांची बाजू

नमस्कार श्रोतेहो.

आज मी एका न्यायाधीशाच्या नेमणुकीची बाजू मांडायला बसलो आहे. नेमणूक अमेरिकेतली, ती मंजूर झाली १९६२ साली आणि ज्यांची झाली ते कृष्णवर्णीय वकील थर्गुड मार्शल १९९३ मध्ये वारलेसुद्धा. मग आता कसली वकिली, असं तुम्ही म्हणाल. पण तेव्हा घेतलेला आक्षेप अजून ठणठणीत आहे. नागरी हक्कांसाठी जन्मभर भांडलेला माणूस न्यायासनावर बसला, तर तो निःपक्षपाती कसा राहील?

तिथली पद्धत अशी, की संघराज्याच्या न्यायालयांसाठी नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट ते मंजूर करते आणि नेमणूक तहहयात असते. सप्टेंबर १९६१ मध्ये केनेडींनी मार्शल यांचं नाव सेकंड सर्किटच्या अपील न्यायालयासाठी पाठवलं. न्यूयॉर्क, कनेटिकट आणि व्हरमाँट ही तीन राज्यं या न्यायालयाच्या कक्षेत येतात. सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड, वर्णभेदाचे उघड कैवारी. नाव तिथेच अडकलं. सिनेटचं अधिवेशन संपलं तेव्हा केनेडींनी मधल्या काळापुरती नेमणूक करून टाकली, आणि मार्शल ऑक्टोबरातच खुर्चीवर बसले. म्हणजे हा माणूस खटले ऐकतोय, निकाल देतोय आणि याला न्याय करता येईल का, याचा खल वॉशिंग्टनमध्ये चालूच आहे!

त्याच वर्षी, त्याच समितीपुढे आणखी एक नाव आलं होतं. ईस्टलंड यांचे कॉलेजातले रूममेट हॅरल्ड कॉक्स, मिसिसिपीतल्या संघीय जिल्हा न्यायालयासाठी. २० जून १९६१ ला नाव गेलं, २७ जूनला मंजूर. सात दिवस. पुढे १९६४ मध्ये याच कॉक्स यांनी मतदार म्हणून नाव नोंदवायला आलेल्या कृष्णवर्णीयांना भर कोर्टात चिंपांझींची उपमा दिली. त्यांच्या निःपक्षपातीपणाची चिंता १९६१ मध्ये सिनेटला पडली नव्हती.

मार्शल यांच्या नावाची सुनावणी सुरू झाली ती मे १९६२ मध्ये. उपसमितीच्या वकिलाने विचारलं काय? तर टेक्सासची सनद नसताना तुम्ही टेक्सासातल्या खटल्यांत कसे? ज्या माणसाने सर्वोच्च न्यायालयात ३२ खटले चालवून २९ जिंकले, ज्याने १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवून घेतला, त्याची सनद तपासत होते. सुनावणी अधूनमधून, तुकड्यातुकड्यांनी, उन्हाळाभर रेंगाळली. ‘तारीख पे तारीख’ ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

आता मूळ आक्षेपाकडे येतो. वकील एका बाजूने लढला म्हणून तो पक्षपाती, हे मान्य करायचं तर ते सगळ्यांना लावा. वीस वर्षं सरकारी वकील म्हणून आरोपींना तुरुंगात धाडणारा न्यायाधीश होतो. रेल्वे कंपनीचे, विमा कंपनीचे दावे लढलेला होतो. त्यांना कोणी विचारत नाही, की पोलिसांविरुद्ध किंवा कंपनीविरुद्ध तक्रार आली तर काय कराल? त्यांचा तो ‘अनुभव’ असतो आणि नागरी हक्कांच्या वकिलाचा मात्र ‘अजेंडा’. मला हा दुटप्पीपणा वाटतो, आणि तसं म्हणायला मी कचरत नाही.

शिवाय हा अनुभव म्हणजे काय चीज असते, ते बघा. नोव्हेंबर १९४६. टेनेसी राज्यातलं कोलंबिया गाव. दंगलीच्या प्रकरणातल्या कृष्णवर्णीय आरोपींचा बचाव करून मार्शल रात्री सहकाऱ्यांसोबत मोटारीने नॅशव्हिलकडे निघाले. वाटेत पोलिसांनी अडवलं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप ठेवून एकट्या मार्शलना आपल्या गाडीत बसवलं आणि बाकीच्यांना ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून पिटाळलं. पोलिसांची गाडी मात्र गावाकडे जायचं सोडून नदीच्या दिशेने कच्च्या रस्त्याला लागली. सहकाऱ्यांनी पुढे न जाता गाडी वळवली आणि पाठ सोडली नाही. साक्षीदार मागे लागलेत म्हटल्यावर पोलिसांचा नाइलाज झाला. त्यांनी मार्शलना गावात आणून दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं. दंडाधिकाऱ्याने तोंडाचा वास घेतला आणि सांगितलं, हा माणूस प्यायलेला नाही. सोडा याला.

पोलिसांचा कागद एक बोलतो आणि प्रत्यक्षात दुसरंच घडलेलं असू शकतं, हे कळायला न्यायाधीशाने नदीकाठापर्यंत जाऊन यायलाच हवं असं नाही. पण जो गेलाय त्याला अपात्र ठरवायचं, हा कुठला न्याय?

११ सप्टेंबर १९६२ ला मार्शल यांच्या नावावर सिनेटमध्ये मतदान झालं. ५४ विरुद्ध १६. विरोधातले सगळे दक्षिणेकडचे डेमोक्रॅट, म्हणजे केनेडींच्याच पक्षाचे.

तेव्हापासून काळ बदलला म्हणावं, तर नॅन्सी अबुडू यांचं उदाहरण आहे. मतदानाच्या हक्काचे खटले लढवणाऱ्या या वकीलबाईंचं नाव बायडन यांनी अकराव्या सर्किटसाठी सुचवलं. जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा या राज्यांची अपिलं तिथे जातात. मंजुरी मिळाली मे २०२३ मध्ये, ४९ विरुद्ध ४७ मतांनी. त्या न्यायालयातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश. विरोधकांचं म्हणणं होतं, या वकील कमी आणि चळवळ्या जास्त.

मार्शल यांनी अपील न्यायालयात केलं काय, हेही सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गोऱ्या पाद्र्यावर पत्नीच्या खुनाचा खटला होता. तो हंगेरीहून आलेला. पहिल्या वेळी ज्यूरीने सौम्य कलमाखाली दोषी धरलं. अपिलात ते रद्द झालं, तर सरकारने दुसऱ्या वेळी पुन्हा फाशीचं कलम लावलं, आणि तिसऱ्या वेळीही तेच. १९६५ मध्ये मार्शल यांनी निकाल दिला, की अपील केलं म्हणून माणसाला पुन्हा वरच्या कलमाच्या तोंडी देता येणार नाही. ना आरोपी कृष्णवर्णीय, ना प्रश्न वर्णाचा. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना सॉलिसिटर जनरल केलं आणि ते न्यायालयातून बाहेर पडले. अपील न्यायालयात बहुमताच्या वतीने त्यांनी लिहिलेल्या निकालपत्रांपैकी एकही सर्वोच्च न्यायालयाने फिरवलं नाही.