स्कूल बसच्या दारापाशी

श्रोतेहो, नमस्कार. मुलं स्कूल बसने जायला लागली की घरच्यांना धास्ती असते ती रस्त्याची, ट्रकची, घाटाची. पण बसच्या आत, आपल्या जागेवर बसलेलं मूल बऱ्यापैकी सुरक्षित असतं. खरी जपायची वेळ म्हणजे चढण्या-उतरण्याचं ते एक मिनिट आणि दारापासूनची दहा-बारा पावलं. आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

चालकाच्या जागेवरून काय दिसतं, हे एकदा शाळेच्या मैदानावर करून बघा. बस उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एका शिक्षकाला चालकाच्या सीटवर बसवा. पहिलीतल्या मुलाच्या उंचीची, म्हणजे पावणेचार फुटांची काठी घेऊन दुसऱ्या शिक्षकाने बंपरपाशी उभं राहायचं आणि काठी सरळ धरून एकेक पाऊल मागे सरकायचं. काठीचं टोक आतून दिसू लागलं की तिथे खडूने रेघ मारा. क्लीनर साइडला आणि मागच्या बाजूलाही असंच करा, तिथे आरशात बघून. रेघा जोडल्या की जी जागा तयार होते, तिथे उभं असलेलं मूल काकांना, म्हणजे बसच्या चालकाला, दिसतच नाही. गाडीगणिक ही जागा कमी-जास्त होते, पण बसच्या भोवती दहा फूट सोडून उभं राहायचं, ही सवय कुठल्याही गाडीला चालते. मुलांना सांगताना मात्र फूट सांगू नका. त्यांना सांगा, ‘काकांचा चेहरा तुला दिसत नसेल, तर तूही काकांना दिसत नाहीस.’

मग पाण्याची बाटली गडगडत बसखाली गेली तर? ती तिथेच राहू द्यायची आणि मावशींना, म्हणजे बसमधल्या मदतनीस बाईंना, सांगायचं. मूल वाकलं की त्याची उंची निम्मी होते आणि त्याच क्षणी बस हलू शकते. वळणावर आणखी एक गोष्ट होते. मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आतल्या बाजूला कापत येतं. म्हणून बसचं तोंड पुढे गेलं की धोका टळला असं समजून कडेला चिकटून उभं राहायचं नाही.

आपल्या रस्त्यांवरचा एक खास प्रकार म्हणजे डावीकडून घुसणारा दुचाकीवाला. बस फुटपाथपासून तीन-चार फूट लांब थांबली की त्या फटीत स्कूटर शिरलीच म्हणून समजा, आणि दार नेमकं त्याच बाजूला! बस इतकी कडेला घ्यायची की मध्ये स्कूटर मावणार नाही. तरीही आधी मावशींनी खाली उतरायचं, मागे बघायचं, हात आडवा धरायचा आणि मगच मुलांना उतरवायचं. उतरताना दप्तराचे लोंबते पट्टे, रेनकोटची नाडी, गळ्यातली बाटली दाराच्या दांड्यात अडकते, म्हणून सगळं आधी आवरून हातात घ्यायचं. शेवटचं मूल दूर झाल्याचं मावशींनी सांगेपर्यंत गिअर टाकायचा नाही. पावसाळ्यात तर जास्तच जपायचं, कारण रेनकोटच्या टोपीमुळे मुलाला बाजूचं दिसत नाही.

पालकांची एक चूक रोज दिसते. बस एका बाजूला थांबते आणि आई किंवा आजोबा समोरच्या फुटपाथवर उभे असतात. मूल त्यांना बघतं आणि धावत सुटतं. उभ्या बसच्या पुढून ते रस्त्यात येतं, तेव्हा मागून ओव्हरटेक करणाऱ्याला ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तेव्हा घ्यायला जाणाऱ्याने बसच्या बाजूलाच उभं राहावं आणि बस निघून गेल्यावर दोन्हीकडे बघून, मुलाचा हात धरून रस्ता ओलांडावा. घ्यायला कोणी आलंच नाही, तर लहान मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे सोपवायचं नाही. घरी फोन लावायचा आणि तोवर मूल बसमध्येच राहील.

आता बसमधली शिस्त. तिचा संबंध चालकाच्या मानेशी आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांनुसार स्कूल बसला महापालिका हद्दीत ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. मागे मारामारी चालली म्हणून काकांनी दोन सेकंद मान वळवली, तर बस 22 मीटर पुढे गेलेली असते, रस्ता न बघता. म्हणून भांडण सोडवायचं काम मावशींचं, काकांचं नव्हे. उभं राहायचं नाही ते याचसाठी, की ब्रेक लागतो गाडीला, मुलाला नाही. ते त्याच वेगाने पुढच्या सीटच्या दांड्यावर आदळतं. हातात उघडी पेन्सिल, तोंडात चिक्की किंवा गोळी असेल तर मग बघायलाच नको. दप्तरं सीटखाली, बाटल्या दप्तरात. सुटी बाटली उतारावर घरंगळत पुढे जाऊन ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकते. दप्तरं वाटेत पडली असतील, तर आपत्कालीन दार असून नसल्यासारखं.

नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुलं दगावली. त्यानंतर महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले. वेगनियंत्रक, नीट बंद होणारं दार, सोबतीला मदतनीस या गोष्टी त्यातल्याच. कागदावर आपल्याकडे आज कमी काही नाही. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, तिच्यात पालकही असतात. पण समितीने फक्त पासिंग आणि विम्याचे कागद बघू नयेत. आपत्कालीन दाराचा खटका स्वतः ओढून बघावा, गंजून बसलेला असू शकतो. अग्निशामकाची सुई हिरव्या पट्ट्यात आहे का, तेही बघावं. वर्षातून दोनदा तरी सराव घ्यावा. मागच्या दारातून आधी दोन मोठी मुलं खाली उतरतील, बाकीच्यांनी दाराच्या कडेवर बसून घसरत उतरायचं आणि त्या मोठ्या मुलांनी हात द्यायचा. दप्तरं आतच राहतील. मग सगळ्यांनी बसपासून शंभर फूट लांब, वाहतुकीपासून दूर जाऊन उभं राहायचं आणि मोजणी द्यायची. गरज पडली तर 112 लावा, रुग्णवाहिकेसाठी 108.

आणि गॅसवर चालणारी व्हॅन असेल, तर टाकीवर फळी टाकून मुलं बसवली आहेत का, हे पालकांनी डिकी उघडून बघावं. काका कितीही ओळखीचे असले तरी.

शेवटी काकांसाठी एक काम. फेरी संपली, गाडी लावली की किल्ली काढून एकदा शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं. सीटवर बघायचं, सीटखाली वाकूनही बघायचं. बालवाडीतलं मूल झोपेत घसरून खाली गेलेलं असतं, ते आरशात दिसत नाही. उन्हात बंद बस काही मिनिटांत तापते. परत येताना राहिलेले डबे, छत्र्या गोळा करायच्या आणि मगच दार लावायचं.