पुढची तारीख पडलीये

वकिलाला फोन लावला की बऱ्याच लोकांना एकच उत्तर मिळतं, पुढची तारीख पडलीये. पक्षकार ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवतो, घरच्यांना सांगतो, आणि परत दोन महिने गप्प बसतो. ती तारीख खरी आहे की नाही हे त्याला कसं कळणार, मुळात दावा दाखल झालाय का हेच त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नसतं.

1978 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिलेलं मद्रासकडचं एक प्रकरण आहे. सत्तरीचे एक गृहस्थ, कानाने ऐकू येत नाही, सोबत वयस्कर बायको. हातात दोन प्रॉमिसरी नोटा, म्हणजे पैसे परत द्यायचं लेखी वचन, एक 15,000 रुपयांची आणि एक 5,000 ची. पैसे वसूल व्हावेत म्हणून वकील केला, कागद त्याच्या ताब्यात दिले, पैसे दिले. दावे काही उभे राहिलेच नाहीत. वकील मात्र सांगत राहिला की दावे चालू आहेत, तारखा देत राहिला, आणि त्या सगळ्या तारखा खोट्या होत्या.

आता प्रॉमिसरी नोटेवर दावा लावायला 3 वर्षांची मुदत असते. ती गेली की नोट हातात असून उपयोग नाही, कोर्ट दारातूनच परत पाठवतं. म्हणजे ते दोघं केस हरले नव्हते हो, केस झालीच नव्हती, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागतं. केस हरणं हा वकिलाचा गुन्हा नाही, चांगले चांगले वकील हरतात, पण केस लावलीच नाही आणि लावलीये असं म्हाताऱ्या माणसाला सांगत राहणं, ही वेगळी गोष्ट आहे.

राज्याच्या बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, त्या वकिलाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, 6 वर्षं निलंबित केली, देशपातळीवरच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ती शिक्षा 1 वर्षावर आणली, आणि सुप्रीम कोर्टात न्या. कृष्णा अय्यर यांनी वेगळाच विचार मांडला, की याला नुसतं घरी बसवण्यापेक्षा गरिबांना फुकट कायदेशीर मदत करायला लावा. तीन न्यायमूर्तींपैकी न्या. सेन यांना हे पटलं नाही, शिक्षेत हात घालायचं कारण नाही असं त्यांचं मत पडलं. मला स्वतःला न्या. सेन यांचं जास्त पटतं, कारण ज्याने एका अशिलाला इतकं फसवलं त्याच्याकडे दुसरे गरीब अशील पाठवायचे हे मनाला पटत नाही.

हे सगळं चालतं 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली, कलम 35. तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एकच आहे. त्यात तथ्य दिसलं तर तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, हे अधिकार समितीला दिवाणी कोर्टासारखे असतात. दोषी ठरला तर समज, नाहीतर काही काळ सनद निलंबित, नाहीतर यादीतून नावच काढून टाकणं. निकाल पटला नाही तर 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील आणि त्यानंतर सुप्रीम कोर्ट. तुमचे बुडालेले पैसे परत द्या असं मात्र या कलमात कुठेच लिहिलेलं नाही.

ग्राहक मंचात जाऊ म्हणाल तर तो रस्ताही आता बंद झालाय. 2007 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येते असं म्हटलं होतं, 14 मे 2024 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. त्यामुळे नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी दावा, आणि सनदेवर कारवाई हवी असेल तर बार कौन्सिल. वकिलाने बुडवलेल्या माणसाला परत एक वकील शोधावा लागतो, आणि तोपर्यंत त्याचा विश्वास उडालेला असतो.

दुसरी तक्रार नेहमी ऐकू येते ती फाईलची. वकील बदलायचाय तर पहिला म्हणतो, आधी फी, मग कागद. मध्य प्रदेशच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने असंच केलं, 97,100 रुपये येणं आहे म्हणून फायली अडवून ठेवल्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 18 महिने वकिली बंद केली, 2000 साली सुप्रीम कोर्टाने शिक्षा कमी करून समज दिली, पण मुद्दा स्पष्ट केला: फीसाठी अशिलाची फाईल अडवता येत नाही. फी राहिली असेल तर त्यासाठी वेगळा दावा लावा. कित्येकांना हे माहीतच नाही, घाबरून उसने पैसे आणून भरतात.

बरेच वकील मनापासून काम करतात, रात्री जागून युक्तिवाद लिहितात, आणि अशा लोकांमुळे त्यांनाही बोलणी खावी लागतात.

आपल्या बाजूने करायचं एवढंच की दावा दाखल झाला म्हटलं की सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टात प्रत्येक केसला मिळणारा स्वतःचा नंबर, मागायचा. अक्षरं आणि आकडे मिळून 16 चा असतो, ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं. त्या म्हाताऱ्या जोडप्याकडे हे असतं तर पहिल्याच खोट्या तारखेला समजलं असतं. पैसे दिले की पावती, मूळ कागद दिले की झेरॉक्सवर सही. हे मागितलं म्हणून वकिलाने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आणि तरी तक्रार करायची वेळ आलीच तर वेळ लागतो हे धरून चाला. कायदा म्हणतो राज्याच्या समितीने एका वर्षात निकाल द्यावा, नाहीतर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. गडचिरोलीच्या माणसाला मुंबईच लांब, तिथे दिल्लीचं काय सांगायचं. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाला परत बजावावं लागलं की ही एका वर्षाची मुदत पाळा. म्हणून तक्रार देताना पोच घ्या आणि तिच्यावरच्या शिक्क्याची तारीख जपून ठेवा, ते एक वर्ष तिथून मोजायचं असतं.