काकाजींचं कासव

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या घरात पाळलेल्या कासवाबद्दल, इग्वाना नावाच्या मोठ्या सरड्याबद्दल, अजगराबद्दल. मालक गेल्यावर त्यांचं कोण बघणार? कुत्र्याला शेजारीही पोळी टाकतात. कासवापुढं काय टाकायचं, हे घरच्यांनाही ठाऊक नसतं.

आमच्या नागपूरच्या महाल भागात समोरच्या घरी एक काकाजी होते. त्यांच्याकडे लाल कानाचं कासव. आणलं तेव्हा रुपयाएवढं, पुढं पार ताटाएवढं झालं. जानेवारीत काकाजी गेले. पाहुण्यांच्या गर्दीत कोणीतरी टाकीवरचा दिवा बंद केला, सुतकात लाईट कशाला म्हणून. बाहेर पारा १० अंशांच्या खाली. नागपुरात थंडी नसते म्हणतात ना, त्यांनी जानेवारीत पहाटे फुटाळा तलावावर उभं राहून दाखवावं. पुण्याचे पाहुणे बिनस्वेटरचे येतात अन् जाताना आमचे घालून जातात, ते वेगळंच.

तर तेरवीच्या सकाळी सूनबाई बघते, कासव हलेना. हात लावला तर गार दगड. "मामाजींच्या मागंच गेलं जी बिचारं!" पुन्हा रडारड. जांबाखाली खड्डा खोदला, फावडं माझ्याच हातात. कासवाच्या पाठीवर हळदकुंकू वाहून त्याला उन्हाच्या पायरीवर ठेवलं, गुरुजींचं आटपलं की पुरू म्हणून. गुरुजींना लागला तासभर. तेवढ्यात नातू ओरडला, "आजी, हे बघून राहिलं ना माझ्याकडे!" बघतो तर मान बाहेर, डोळे उघडे, अन् हळदकुंकवासकट महाशय निघाले पाणी शोधत!

या जिवांना ऊब बाहेरूनच मिळते. गारठले की खाणं बंद, हालणं बंद. म्हणून तो दिवा. उन्हातल्या अतिनील किरणांसारखे किरण देणारा युव्हीबीचाही दिवा लागतो, नाहीतर कवच मऊ पडतं. घरात हे एकट्या काकाजींना माहीत होतं.

म्हणून कागदावर लिहा. पुन्हा सांगतो, कागदावर. मोबाईलचा पासवर्ड तुमच्याबरोबरच जातो. काय खातं, दिवा किती तास, डॉक्टर कोण. आणि ज्याच्याकडे द्यायचं, त्याला आधी विचारा. हे कासव वीस-तीस वर्षं सहज जगतं, तेव्हा साठीतल्यानं साठीतल्या मित्राला सोपवू नये. मृत्युपत्रात पैसा जनावराच्या नावे ठेवता येत नाही. सांभाळणाऱ्याच्या नावे ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. इग्वाना किंवा बॉल पायथन हा परदेशी अजगर असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. चांदणी कासव घरात ठेवणं हाच गुन्हा, त्याचं मृत्युपत्र कसलं? वनविभागाला कळवा, सेमिनरी हिल्सला त्यांचं उपचार केंद्र आहे. आणि फुटाळ्यात सोडू नका. लाल कानाचं कासव परदेशी, आपल्या कासवांचं खाणं-जागा बळकावतं. सोडू नका.

त्या खड्ड्यात सूनबाईनं कढीपत्ता लावला. कासव आता नातवाकडे आहे. दिव्याच्या बटणावर त्यानं चिठ्ठी चिकटवली आहे, 'पाहुण्यांनी हात लावू नये.'