सातबाऱ्यावर कोण कोण आहे?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धानाच्या बांध्या एकीकडे, जंगल दुसरीकडे आणि मधली मुरमाड जागा पडीक. तिथे फळबाग लावायची तर भाऊसाहेब फुंडकर योजना आहे. अनुदान तीन वर्षांत येतं: पहिल्या वर्षी 50 टक्के, मग 30, मग 20. अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. पण त्याआधी सातबारा काढून वाचा. पुन्हा सांगतो, आधी सातबारा. जमीन सामाईक असेल तर प्रत्येक खातेदाराचं संमतीपत्र लागतं.

आरमोरीकडचे एक काका आहेत. त्यांच्या सातबाऱ्यावर दोन नावं: ते आणि ब्रह्मपुरीला दिलेली बहीण. आईच्या पितळी गुंडावरून, म्हणजे पाण्याच्या भांड्यावरून, दोघांचं बोलणं बंद. काकांनी भाच्याला फोन केला, आईची सही तेवढी मिळवून दे म्हणून. बहिणीनं मागून ओरडून सांगितलं, "सही करतो ना! पन मायचा गुंड घेऊन त्यालेच पाठव."

काका तो गुंड मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, लगेज लागेल. काका म्हणाले, हे लगेज नाही, हे माझं कागदपत्र आहे. बसभर हशा! बहिणीनं गुंड उलटसुलट करून पाहिला, पोचा कुठे पडला ते विचारलं, जेवू घातलं आणि मग सही केली. वर अट, "दोन झाडं माह्या नावाची." आता गंमत ऐका. पहिल्या वर्षी 80 टक्के झाडं जगलेली दिसली पाहिजेत, दुसऱ्या वर्षी 90. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) पाहणीला येतात तेव्हा येतात, पण ही बाई उन्हाळाभर रोज संध्याकाळी फोन करायची, "पानी देल्लं का?" काकांची एवढी तपासणी सरकारनंही केली नसती.

लेकींची नावं सातबाऱ्यावर आली की घरात भांडण होतं म्हणतात. मला विचाराल तर नाव लपवल्यानंच जास्त होतं. आणि हो, सगळ्यांना केशरच का हवा असतो? लोणच्याला आपला गावरान आंबाच लागतो ना!

असो. सातबाऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज करा. 2025 मध्ये जिवंत सातबारा मोहीम झाली, तरी बऱ्याच घरी आजोबा अजून खातेदार आहेत. शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा, त्याच्याशिवाय आता कृषी योजनांचा अर्ज पुढे सरकत नाही.

वेळ संपत आली, म्हणून रानडुकरांचं थोडक्यात. धान तुडवला तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार. तीन दिवस, लक्षात ठेवा. पंचनामा होईपर्यंत उरलेलं पीक कापू नका. सौर कुंपणाच्या अनुदानाबद्दल पुढच्या वेळी बोलू. नमस्कार.